शिवार फेरीला कोण जातं?



होळी होते, रब्बीचं धान्य घरात येतं आणि गावाकडं एक वेगळा हंगाम सुरू होतो. शिकण्याचा हंगाम. जूनचा पहिला पाऊस येईपर्यंत बरीचशी शेतं मोकळी असतात. ही सवड साधून सेंद्रिय शेती करणाऱ्यांच्या वावरांत शिवार फेऱ्या निघतात, शिबिरं भरतात, खरिपाच्या आधीचे मेळावे होतात, देशी बियाण्यांची प्रदर्शनं मांडली जातात. आंब्याच्या सावलीत सतरंजी, माठातलं पाणी, मधोमध एखादा अनुभवी शेतकरी आणि भोवती पन्नास-साठ माणसं. अशा फेऱ्यांचे फोटो आपण वर्तमानपत्रांत पाहतो. त्यांत टोप्या दिसतात, उपरणी दिसतात, शर्ट-पँट दिसतात. साडी दिसलीच तर ती बहुधा कडेला, चहाच्या पातेल्यापाशी, नाहीतर सत्काराचं ताट धरून उभी.

जिचे हात दिवसभर मातीत असतात, ती शेतीबद्दल शिकायला मात्र जात नाही. का जात नाही? तिला जायचंच नसतं, की तिला कुणी बोलावत नाही? आणि ती गेली नाही तर बिघडतं काय? या अंकाच्या निमित्तानं हे प्रश्न आपल्यापुढं ठेवायचे आहेत.

कुणी म्हणेल, बायकांचे एवढे मोठे प्रश्न आ वासून उभे असताना हे शिवार फेरीचं काय काढलंत? मारहाण आहे, हुंडा आहे, पिण्याच्या पाण्याची वणवण आहे. सगळं खरं. पण ज्ञान कुणाच्या हाती जातं यावर घरात शब्द कुणाचा चालतो हे ठरतं. आणि सेंद्रिय शेतीच्या बाबतीत तर हा प्रश्न थेट बाईच्या पाठीच्या कण्याशी जाऊन भिडतो.

आधी उन्हाळ्यातल्या फेरीचंच बोलू. हिरवंगार पीक बघायला सगळेच जातात. पण सेंद्रिय शेती समजून घ्यायची असेल तर चैत्र-वैशाखात जावं. पिकानं झाकलेलं सगळं तेव्हा उघडं पडलेलं असतं. शेजारच्या उघड्या काळ्या रानात भेगा पडलेल्या असताना काडीकचऱ्यानं झाकलेल्या वाफ्यात हात घातला तर खाली माती अजून ओलसर लागते. बांधावर कोणती झाडं राखलीत, पावसाचं पाणी कुठं अडवलंय, विहिरीनं कुठवर साथ दिली, गुरांना चारा किती उरला, खताचा खड्डा भरलाय की नुसताच खणून ठेवलाय, हे सारं उन्हाळ्यातच कळतं. पुढच्या खरिपाचं यश-अपयश पेरणीच्या दिवशी ठरत नाही, ते या तीन महिन्यांत ठरत असतं.

आता या तीन महिन्यांतली कामं एकेक करून पाहा. नाडेप खताचं टाकं घ्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाकांनी ही पद्धत शोधून काढली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं जाळीदार विटांचं टाकं. त्यात काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर द्यायचे, पाणी शिंपायचं, वरून लिंपायचं आणि तीन-चार महिने थांबायचं. टाकं बांधतो गवंडी. पण काडीकचरा वेचून आणणं, शेण कालवणं, थर देणं, भेग पडली की पुन्हा लिंपणं, ही कामं कोण करतं?

बियाणं घ्या. मडक्यात राखेत घालून ठेवलेलं, कडुनिंबाच्या पाल्यात जपलेलं, चुलीवरच्या धुरात टांगलेलं. कोणत्या वेलाचा पहिला दोडका बियाण्यासाठी राखायचा, कोणत्या कणसाचे दाणे बाजूला काढायचे, हा निर्णय पिढ्यान् पिढ्या घरातल्या बाईनं घेतला. सोयाबीनची उगवण तपासायची तर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, ओल टिकवायची आणि आठवड्याभरात कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं चांगलं. कमी उगवले तर पेरताना बियाण्याचं प्रमाण वाढवायचं, फारच कमी असतील तर ते बियाणं टाकून द्यायचं. हे काम करायला पदवी लागत नाही. सवयीचे हात आणि बारकाईची नजर लागते. ती बाईकडं आहेच.

म्हणजे उन्हाळी शिवार फेरीत जे दाखवलं जातं त्यातलं निम्म्याहून अधिक बाईचंच काम असतं. दाखवणारा पुरुष, बघणारे पुरुष, आणि जे दाखवायचं ते मात्र बाईच्या हातचं. ही विसंगती डोळ्यांत भरायला हवी, पण भरत नाही. इतकी ती आपल्या अंगवळणी पडली आहे.

खरं तर शेतावर जाऊन, एकमेकांचं बघून शिकण्याची ही रीत आपल्याकडं फार चांगली रुजलेली आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तो याच पायावर. ज्यानं प्रयोग केला तोच शिक्षक, ज्याचं शेत तीच शाळा. द्राक्षाच्या बागाईतदारांनी या मार्गानं जे साधलं ते कुठल्याही भाषणानं साधलं नसतं. तिकडं इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्यांनी भातपिकाची धूळधाण केली. फवारण्या वाढल्या तसे तुडतुडेही वाढले, कारण तुडतुडे खाणारे कोळी आणि मित्रकीटक औषधानं आधी मेले. १९८६ साली तिथल्या सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीनं गावोगाव शेतकऱ्यांच्या शाळा सुरू केल्या. पंचवीसेक शेतकरी, हंगामभर दर आठवड्याला एकदा, भाताच्या बांधावर. किडी मोजायच्या, त्यांची चित्रं काढायची, चर्चा करायची आणि फवारायचं की नाही ते स्वतः ठरवायचं. आपल्या कृषी खात्याच्या 'शेतीशाळा' याच कल्पनेवर उभ्या आहेत.

या साऱ्याचं मर्म एकच. जो हात काम करतो त्याच्याच डोळ्यांनी बघायला हवं आणि त्याच डोक्यानं ठरवायला हवं. कापसाच्या पानामागं मावा आधी कुणाला दिसतो? खुरपताना पिकाच्या उंचीला बसलेल्या बाईला दिसतो. मग शेतीशाळेत बांधावर उभ्या राहिलेल्या कारभाऱ्याला तो दाखवून भागणार कसं? घरी परतल्यावर तो सांगेल, असं गृहीत धरलं जातं. तो काय सांगतो? 'उद्यापासून एवढं एवढं करायचं.' का करायचं, किती करायचं, नाही केलं तर काय होईल, यातलं काहीही न सांगता फक्त कामाचा हुकूम घरात येतो. ज्ञान बांधावर थांबतं, काम तेवढं घरापर्यंत पोचतं.

इथंच सेंद्रिय शेतीचा अवघड प्रश्न सुरू होतो. सेंद्रिय, नैसर्गिक या नावांचे वाद जाणकारांवर सोडू. आपण हिशेब मांडू तो श्रमाचा. सुभाष पाळेकरांनी सांगितलेल्या पद्धतीत एका एकराला एका वेळी २०० लिटर जीवामृत लागतं. दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर माती आणि उरलेलं पाणी. पंधरा लिटरचा हंडा धरला तर हे तेरा हंडे होतात. जिथं प्यायचं पाणी डोक्यावरून आणावं लागतं तिथं हे तेरा हंडे कुणाच्या डोक्यावरून येणार? गोमूत्र धरायला पहाटे गोठ्यात कोण उभं राहणार? दशपर्णी अर्कासाठी कडुनिंब, करंज, निरगुडी, रुई, एरंड, सीताफळ, घाणेरीचा पाला कोण तोडून आणणार? महिनाभर ते पिंप कोण ढवळणार? पाच टक्के निंबोळी अर्कासाठी आषाढाच्या आगेमागे झाडाखालच्या निंबोळ्या कोण वेचणार, वाळवणार, कुटणार?

आणि खुरपणी. तणनाशक बंद केलं की तण हातानं काढावं लागतं. सेंद्रिय शेतीच्या पुस्तकात ते एका ओळीत उरकलेलं असतं. बाईच्या आयुष्यात ती एक ओळ म्हणजे चिखलात उकिडवं बसून काढलेले आठवडे असतात. बाजारातून आणायच्या औषधाचे पैसे वाचले ही बचत कारभाऱ्याच्या वहीत दिसते. त्या बचतीची भरपाई ज्या श्रमानं झाली, तो श्रम कुठल्याही वहीत दिसत नाही.

याचा अर्थ सेंद्रिय शेती नको असा कुणी काढू नये. रासायनिक शेतीची किंमतही बाईनंच मोजली आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. मरणारे बहुतेक पुरुष होते. मागं राहिल्या त्यांच्या बायका, कर्जासकट. आणि फवारणीचं पाणी भरणाऱ्या, फवारलेल्या रानात दुसऱ्या दिवशी खुरपायला बसणाऱ्या, विषानं भिजलेले कपडे हातानं धुणाऱ्या बायांच्या अंगात काय काय मुरलं असेल, त्याची गणती त्या मृत्यूंत कधी धरली गेली नाही. विषमुक्त शेती ही बाईचीही गरज आहे. म्हणूनच ती बाईच्या फुकट राबण्यावर उभी राहता कामा नये.

भूमिहीन मजूर बाईच्या बाजूनं पाहिलं तर गुंता आणखी वाढतो. तिच्यासाठी खुरपणी म्हणजे रोजगार. तणनाशक आलं आणि तिचे हंगामातले कित्येक दिवस बुडाले. सेंद्रिय शेतीनं ते दिवस परत मिळू शकतात. पण मजुरीचा दर काय? समान कामाला समान वेतन देणारा कायदा १९७६ साली झाला, तरी शेतात 'गड्याची मजुरी' आणि 'बाईची मजुरी' हे शब्द अजून सुखेनैव नांदताहेत. सेंद्रिय मालाला चढा भाव मिळतो तेव्हा त्यातला किती पैसा खुरपणाऱ्या बाईपर्यंत येतो, हा प्रश्न शिवार फेरीत कुणी विचारल्याचं आपण ऐकलंय का? विचारणारीच तिथं नसेल तर विचारणार कोण?

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. ती का जात नाही? पहिलं कारण, निमंत्रण सातबाऱ्यावरचं नाव बघून निघतं. शेतकरी म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे तो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ६५ टक्के स्त्रिया शेतीत होत्या, कुणी शेतकरी म्हणून, कुणी शेतमजूर म्हणून. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार स्त्रियांकडं असलेली वहिवाटीची खाती होती सुमारे १४ टक्के. या दोन आकड्यांमधल्या दरीत आपल्या लक्षावधी बहिणी उभ्या आहेत. त्यांना शेतकऱ्याची बायको म्हणतात, शेतकऱ्याची आई म्हणतात, सून म्हणतात, पण शेतकरी म्हणत नाहीत.

दुसरं कारण वेळेचं. फेरी सकाळी दहाला निघते आणि संध्याकाळी परतते. त्या वेळात गुरांचं, लेकरांचं, म्हाताऱ्या सासऱ्याचं कोण बघणार? उन्हाळा म्हणजे बाईला सुटी असा एक गोड गैरसमज आहे. उन्हाळा म्हणजे पापड-कुरडया, वर्षाचं तिखट-मसाला, लग्नसराई, आटलेली विहीर आणि वाढलेली पायपीट. तिसरं कारण पैशाचं. शेतमजूर बाईनं एक दिवस शिकायला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी सोडायची. चौथं कारण बोलायला संकोच वाटावा असं, पण बोललंच पाहिजे. दिवसभराच्या फेरीत बाईनं लघवीला जायचं कुठं, याचा विचार आयोजकांनी केलेलाच नसतो. मग ती पाणी न पिता वैशाखाच्या उन्हात फिरते, नाहीतर येतच नाही. आणि पाचवं कारण, ती गेलीच तर तिथं तोंड उघडायची चोरी. सासरे, दीर, गावातली थोर मंडळी बसलेली असताना सुनेनं प्रश्न विचारायचा म्हणजे घरी जाऊन बोलणी खायची तयारी ठेवायची.

यातलं एकही कारण निसर्गानं दिलेलं नाही. सगळी माणसांनी केलेली आहेत, तेव्हा माणसांना ती दूरही करता येतील. ज्यांनी ती केली त्यांची उदाहरणं समोर आहेत.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना आज सगळे ओळखतात. शाळेत न गेलेल्या या आदिवासी बाईंनी वाल-घेवड्याची, भाताची, भाजीपाल्याची गावरान वाणं जमवली, जपली, वाटली. बाएफ संस्थेची साथ मिळाली, बियाणे बँक उभी राहिली आणि २०२० सालची 'पद्मश्री' त्यांना जाहीर झाली. आज त्यांचं अंगण बघायला लांबून माणसं येतात. बाईचं परसदार हेच तिथं शिवार आहे आणि बोलणारी बाईच आहे. आपल्याला एकट्या राहीबाईंचा सत्कार करून थांबायचं नाही. आपापल्या गावातल्या न ओळखलेल्या राहीबाई शोधायच्या आहेत.

मराठवाड्यात 'स्वयम् शिक्षण प्रयोग'च्या कामातून बायांनी एक वेगळी वाट काढली. दुष्काळात नगदी पीक करपलं की घरात खायलाही उरत नाही, हे वारंवार भोगून झालं होतं. तेव्हा बायांनी घरच्यांकडं सगळं शेत मागितलं नाही, एक एकर मागितला. त्या एकरात काय पेरायचं ते आम्ही ठरवू, असं सांगितलं. ज्वारी-बाजरी, कडधान्यं, भाजीपाला, तोही सेंद्रिय पद्धतीनं आणि थोड्या पाण्यावर. एका बाईच्या एकरात दुसऱ्या गावच्या बाया येऊन बघून जाऊ लागल्या. २०१७ साली या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं 'इक्वेटर' पारितोषिक मिळालं. पारितोषिकाहून मोठी गोष्ट ही की त्या एकरापुरता तरी निर्णय बाईचा झाला.

आपल्या शेजारच्या तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूर आहे. तिथल्या 'डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी'शी जोडलेल्या महिला संघांत बहुसंख्य बाया दलित आणि अल्पभूधारक. संक्रांतीच्या सुमारास त्यांच्या सजवलेल्या बैलगाड्या निघतात. गाड्यांत टोपल्या, टोपल्यांत ज्वारी, बाजरी, राळा, तूर, जवस अशी कितीतरी वाणं. महिनाभर गावोगाव फिरून बाया आपल्या तोंडानं सांगतात की कोणतं बी कोणत्या मातीत टिकतं, कशानं तब्येत राहते, कशाचा कडबा गुरं आवडीनं खातात. इथं फेरी तिच्याकडं येण्याची वाट बघत नाही, तीच फेरी होऊन निघते.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. अमेरिकेत आयोवा हे मका-सोयाबीनचं राज्य. तिथं 'प्रॅक्टिकल फार्मर्स ऑफ आयोवा' ही १९८५ मध्ये सुरू झालेली संघटना दर उन्हाळ्यात सभासदांच्या शेतांवर 'फील्ड डे' भरवते. तिथल्या बऱ्याच शेतजमिनीच्या मालक स्त्रिया आहेत, वारसानं किंवा वैधव्यानं झालेल्या. पण जमीन कसतो खंडकरी, ठरवतो तोच, आणि पुरुषांच्या घोळक्यात या मालकिणी प्रश्न विचारायला कचरतात. डेनिस ओब्रायन या शेतकरी बाईंनी १९९७ मध्ये तिथं स्त्रियांचं एक जाळं उभं केलं. त्यातून फक्त बायांच्या बैठका सुरू झाल्या. सकाळी गोल बसायचं, प्रत्येकीनं आपल्या जमिनीची कहाणी सांगायची आणि दुपारी मिळून शेत बघायला जायचं. व्याख्यान आधी नाही, बाईचं बोलणं आधी. तिथं नावावर जमीन आहे पण शब्द नाही. आपल्याकडं कष्ट आहेत, पण ना जमीन ना शब्द. दोन्हीकडं औषध मात्र एकच निघालं, बायांनी एकत्र बसून आपल्या शेताबद्दल बोलणं.

सरकारलाही आता बाई दिसू लागली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं मंजूर केलेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानात गावोगाव 'कृषी सखी' नेमण्याची तरतूद आहे. शेतकऱ्यांना शिकवायला बचत गटातली बाई जाणार, ही चांगलीच गोष्ट आहे. पण एक विचारायला हवं. या सखीच्या स्वतःच्या नावावर गुंठाभर तरी रान आहे का? दुसऱ्याच्या शेतात जीवामृत कसं करायचं ते ती सांगेल, पण स्वतःच्या घरच्या शेतात काय पेरायचं हे ठरवताना तिला कुणी विचारेल का? सखी, ताई, सेविका ही गोड नावं देऊन बाईकडून तुटपुंज्या मानधनावर काम करून घेण्याचा आपला अनुभव जुना आहे. अंगणवाडी सेविकांना विचारा, आशांना विचारा.

सेंद्रिय मालाच्या प्रमाणपत्राचंही तसंच. २०११ पासून सुरू असलेल्या 'पीजीएस' पद्धतीत गटातले शेतकरीच एकमेकांच्या शेतावर जाऊन तपासणी करतात आणि एकमेकांची हमी देतात. म्हणजे तीही एक शिवार फेरीच. पण तिथं नोंदणीला जमिनीचा तपशील लागतो. जमीन नावावर नसलेली बाई स्वतःच्या हातानं पिकवलेल्या शेताची हमी द्यायला अपात्र, आणि वर्षभर पिंपाला हात न लावलेला कारभारी पात्र. अशा हमीवर गिऱ्हाइकानं तरी का विश्वास ठेवावा?

जुन्या वाचक मैत्रिणींना १९८६ चं चांदवडचं शेतकरी महिला अधिवेशन आठवत असेल. हजारो शेतकरी बाया तिथं जमल्या. पुढं शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली आणि नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करावी असं आवाहन केलं. १९९१ मध्ये शेगावला शरद जोशींनी 'सीताशेती'ची कल्पना मांडली. बाईनं आपल्या तुकड्यावर, बाहेरची खतं-औषधं न आणता, प्रयोग करत शेती करायची. १९९२ साली पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्यासाठी शासनानंही परिपत्रक काढलं. संघटनेच्या अर्थकारणाशी आपले मतभेद असतील, आहेतही. पण एक धागा त्यांनी नेमका पकडला होता. विषमुक्त शेती, बाईचा प्रयोग आणि बाईच्या नावावर जमीन या तीन गोष्टी सुट्या नाहीत. आज शिवार फेऱ्यांत पहिलीचा गजर होतो, दुसरीचं कौतुक होतं आणि तिसरीचं नावही निघत नाही.

कायदा तर आपल्या बाजूला कधीचा येऊन उभा आहे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली दिला, आणि तो जन्मानंच मिळतो, वडील २००५ मध्ये हयात होते की नाही यावर अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी भावाच्या ओवाळणीच्या ताटात हक्कसोडपत्र पडतंच आहे. लेकीचा हक्क माहेरी सुटतो, सुनेचं नाव सासरी लागत नाही. मधल्या मध्ये शेतकरी बाई बेनावाची राहते.

मग आपण काय करायचं? आपल्या गटांनी, बचत गटांनी, मंडळांनी या उन्हाळ्यात करता येण्यासारखी काही कामं सुचवावीशी वाटतात.

गावात शिवार फेरी ठरत असेल तर निमंत्रण घरातल्या बाईच्या नावानं वेगळं द्यायला लावा. 'सहकुटुंब' या शब्दावर भागवू देऊ नका, तो शब्द बाईपर्यंत पोचत नाही. एक फेरी तरी फक्त बायांची काढा. नवरा-बायकोनं मिळून जावं हे खरंच, पण मिळून गेल्यावर तोंड उघडता यावं यासाठी आधी आपापसांत बोलायची सवय हवी.

वेळ बायांना विचारून ठरवा. सकाळी सात ते दहा, उन्हं चढायच्या आत. मुलं सांभाळायला दोघी-तिघींची पाळी लावा. आडोशाची आणि पाण्याची सोय आधी बघा, हार-तुरे मागाहून. आणि फेरीला आलेल्या मजूर बाईला त्या दिवसाची मजुरी द्या. पाहुण्यांच्या फेट्यांवर होणारा खर्च वाचवला तर ती सहज निघते.

फेरीत गेल्यावर तीन प्रश्न ठरवून विचारा. हे काम कोण करतं आणि त्याला रोज किती तास लागतात? ते काम हलकं करणारं अवजार कोणतं, सायकल कोळप्यासारखं उभ्यानं चालवता येणारं? आणि माल विकल्यावर पैसा कुणाच्या हाती येतो? हे तीन प्रश्न विचारले की कोणत्याही आदर्श शेताचा खरा चेहरा दिसतो. जिथं उत्तरं सरळ येतील तिथं पुन्हा जा, त्या घराचं कौतुक करा. अशी घरं आहेत, आणि त्यांतल्या पुरुषांकडून इतर पुरुषांना शिकण्यासारखंही पुष्कळ आहे.

परत आल्यावर जे शिकलात त्यातली एकच गोष्ट आपल्या हातानं करून बघा. उगवण तपासा, एक टाकं भरा, पाच वाणांचं बी राखा. एका वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्या. घालवलेले तासही लिहा. ही वही म्हणजे आपल्या श्रमाचा पहिला पुरावा. आणि घरात एक मागणी करा. अख्खं शेत नाही, एक एकर. एकर नसेल तर दहा गुंठे. त्यात काय पेरायचं ते मी ठरवीन, आणि त्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर माझं नाव लागेल.

ज्या बायांना मागायला घरच नाही, त्या आपल्या एकल मैत्रिणी आणि भूमिहीन मैत्रिणी यांच्यासाठी आपण गटानं पडीक रान खंडानं घेऊ शकतो. पस्तापूरच्या बायांनी हे केलं आहे. शिवार फेरीच्या निमंत्रणात त्यांची नावं सर्वांत आधी असायला हवीत, कारण सर्वांत मागं त्याच ठेवल्या गेल्या.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष 'आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष' म्हणून जाहीर केलं आहे. अशा वर्षांचे फलक लागतात, परिसंवाद होतात, शाली दिल्या जातात. वर्ष संपल्यावर शिल्लक काय राहतं ते आपण काय पदरात पाडून घेतलं यावर अवलंबून असतं. प्रत्येक गावात दहा बाया जरी शिवार बघायला गेल्या, बोलल्या, घरी येऊन आपल्या नावाचा तुकडा मागू लागल्या, तर ते वर्ष आपलं झालं असं म्हणू.

तुमच्या गावातल्या शिवार फेरीला कोण गेलं, तुम्ही गेलात का, गेलात तर काय पाहिलंत आणि काय विचारलंत, हे आम्हाला जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्या पत्रांना जागा राखून ठेवली आहे.

— संपादक मंडळ